कुलूपबंद घरांचा मानवी विकास

"अभिनंदन," सर पुण्याहून फोनवर म्हणाले. "तुमचं गाव भलतंच विकसित निघालं."

मी नेकनूरच्या स्टँडवर चहा पीत होतो. गाव माझं नव्हतं, सर्वेक्षण माझं होतं. त्यामुळे अभिनंदन घ्यावं की नाही हे ठरेपर्यंत सर पुढे निघून गेले होते. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही, तरी पक्की घरं, गॅस, संडास, मुलं शाळेत. आणि स्थलांतर जवळपास शून्य. सरांनी त्याला 'विकासाचं बेट' असं नावही देऊन टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात बीडला अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण होतं. त्यात या बेटाला स्वतंत्र स्लाइड मिळणार होती.

मी बावीस वर्षं फील्ड सुपरवायझर आहे. गरिबीवर संशोधन करणारे पुण्यात बसतात, गरीब लोक इकडे राहतात. दोघांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून जी व्यवस्था केलेली असते तिला फील्ड सुपरवायझर म्हणतात. एन्युमरेटर, म्हणजे घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी मुलं, मी तयार करतो. त्यांचे फॉर्म तपासतो. टॅबलेट हरवला तर पोलीस स्टेशनला मीच जातो.

स्थलांतर शून्य. जानेवारी महिना. बीड जिल्हा. या तीन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत हे इथल्या कंडक्टरलाही कळतं. दसरा-दिवाळी झाली की इथली गावं ऊस तोडायला निघतात. कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. हे मला माहीत होतं. तरी फॉर्म तपासताना माझ्या डोक्यात आलं नाही, कारण फॉर्म सुरेख भरलेले होते. नमुन्यादाखल काही घरांना मी स्वतः फोन करून फेरतपासणीही केली होती. सगळी उत्तरं जुळली.

मी तौफिकला फोन लावला. तो बीडचा, एम.ए. झालेला, माझा सगळ्यात प्रामाणिक एन्युमरेटर.

"तौफिक, यादीतल्या घरांना कुलूप होतं का रे?"

"होतं की सर. लई घरांना. काही दारांला तर कुलूप बी नव्हतं, नुस्ती काट्याची बोराटी लावलेली."

"मग काय केलंस?"

"तुमी शिकवलंय तेच. दोनदा जाऊन बघितलं. मंग उजव्या हाताचं घर. ते बी बंद असलं तर त्येच्या उजवीकडलं."

"असं करत करत कुठं पोचलास?"

"पेठेत, सर."

नियम माझाच होता. ट्रेनिंगमध्ये फळ्यावर बाण काढून मीच शिकवला होता. कडेच्या वस्तीतून उजवीकडे चालत राहा, कुणीतरी दार उघडेपर्यंत. दार उघडलं ते किराणा दुकानदार अप्पांनी. मग त्यांच्या धाकट्या भावानं. मग सगळ्यात धाकट्यानं. ऊस तोडायला गेलेल्या तीन कुटुंबांच्या जागी एका दुकानदाराची तीन घरं भरली होती. फ्रिजच्या रकान्यात दोन होते, त्यातला एक दुकानातला, कोल्ड्रिंकचा. स्थलांतराचा प्रश्न असा होता: घरातलं कुणी कामासाठी गाव सोडून गेलं का? अप्पा कशाला जातील?

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. सरपंचांना बातमी आधीच पोचली होती. पाराजवळ फ्लेक्स बांधायचं काम चाललं होतं. 'मानवी विकासात अव्वल' आणि खाली सरपंचांचा गॉगल घातलेला फोटो.

"या साहेब! तुमी आमचं नाव काढलं बघा," ते म्हणाले. "मानवी विकास म्हंजी नेमकं काय असतंय?"

मी सांगायला लागणार तेवढ्यात मागून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हाताला पीठ.

"गाव श्रीमंत करणारे तुमीच का?" त्यांनी विचारलं.

या शांताबाई. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, ते त्या बघतात. वसतिगृह हा शब्द जरा मोठा झाला. शाळेची एक खोली, सतरंज्या, पातेली, आणि शांताबाई. आईबाप उसाच्या फडात असले तरी मुलं गावात राहतात, दोन वेळ जेवतात, शाळेत जातात. एवढ्यासाठीच ते असतं.

"तालुक्याहून निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या अहवालात गावातून कुणी जातच न्हाई म्हणं. मंग पोरं कुणाची सांभाळता, असं इचारलं मला. अहवाल कायम झाला की एक तारखेपासून बंद."

"बंद झालं तर?"

"तर काय? पोरं ट्रकात घालून फडात धाडायची. ती वैष्णवी हाय ना, सातवीतली, तिच्या मामाचा फोन येऊन गेलाय. पाठवा म्हणतोय, बारकं लेकरू सांभाळाया. एकदा गेली की ती शाळेत यायची न्हाई. तिची थोरली बहीण अशीच गेलती."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. हंगामभर घरी नसलेला माणूस आमच्या व्याख्येनुसार त्या कुटुंबाचा सदस्य धरत नाहीत. आणि मुलांचं म्हणाल, तर वसतिगृहात राहणारी माणसं 'संस्थेत राहणारी' होतात, तीही कुटुंबात धरत नाहीत.

शांताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी मायबाप गावात न्हाईत म्हणून सोडले, अन् लेकरं गावात हायती तरी सोडली. कुणी शिकवलं हो तुमाला?"

शिकवणाऱ्यांच्या नावामागे तीन-तीन पदव्या होत्या.

त्या मला खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर फळी आणि फळीला खिळे. प्रत्येक खिळ्याला किल्ली, किल्लीला चिंधी बांधलेली. जाणारी माणसं घराची किल्ली शांताबाईंकडे ठेवून जातात. मूल आजारी पडलं तर कपडे काढायला, वारं सुटलं तर पत्र्यावर दगड ठेवायला. कुठली चिंधी कुणाची हे त्यांना तोंडपाठ होतं. यादीतली जी घरं तौफिकला सापडली नव्हती, ती सगळी त्या फळीवर टांगलेली होती.

मी तिथूनच सरांना फोन केला.

"सर, गाव विकसित नाही. गरीब लोक घरी नव्हते."

"नॉन-रिस्पॉन्स सगळीकडे असतो," सर म्हणाले. "त्यासाठी रिप्लेसमेंट असते."

"त्या रिप्लेसमेंटमध्ये आपण एकच दुकानदार तीनदा मोजलाय."

"डेटा फ्रीझ झालाय. मेथडॉलॉजी परदेशातल्या तज्ज्ञांनी मान्य केलीय. तुम्ही फील्डचं बघा."

शांताबाई पातेल्यावर झाकण ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी तरुण असतो तर वाद घातला असता. बावीस वर्षांनी माणूस दुसरा रस्ता बघतो.

"बरोबर आहे सर," मी म्हणालो. "एक मात्र वाटतं. कुलूप लागलेल्या घरांमुळं सबंध गावाची गरिबी झाकली जाते, हे अजून कुणी मांडलेलं दिसत नाही."

पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

"कुणीच नाही?"

"माझ्या वाचनात नाही." मी बरंच वाचतो. पण या वाक्याशी माझ्या वाचनाचा काही संबंध नव्हता.

"हं," सर म्हणाले. मग, "याला काय म्हणता येईल?"

"कुलूप परिणाम."

"मराठीत ठीक आहे. तुम्हाला किती दिवस लागतील?"

फ्रीझ झालेला डेटा इतक्या लवकर वितळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

तौफिक पुन्हा गावात आला. शांताबाई किल्ली काढायच्या, घर उघडायच्या, तौफिक भिंती, छप्पर, पाणी, संडास नोंदवायचा. उरलेले प्रश्न फोनवर. शांताबाईंच्या वहीत सगळ्यांचे नंबर होते. दुपारी जेवणाच्या वेळी फोन लावायचे, त्या वेळी फडात जरा उसंत असते. पहिलाच माणूस उखडला.

"घराचं इचारता? कोणत्या घराचं ओ? इथल्या कोपीचं का गावाकडल्या?"

"गावाकडच्या."

"तिथं कुलूप हाय. आता कळलं व्हय तुमाला?"

कोपी म्हणजे फडातली पाचटाची झोपडी. आमच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या घराचा रकाना होता, पण तो 'फार्म हाऊस' या नावानं. तौफिकनं विचारलं, त्यात टाकू का? मी म्हणालो, शेरा लिही.

बीडच्या सादरीकरणात सरांनी ती स्लाइड स्वतः मांडली. विकासाचं बेट बुडालं होतं. त्याच्या जागी किल्ल्यांच्या फळीचा फोटो होता, तौफिकनं काढलेला. सर पाऊण तास कुलूप परिणामावर बोलले. आपण स्वतः उन्हात हिंडून तो शोधला, असं ऐकणाऱ्याला वाटावं, इतके चांगले बोलले. मी मागच्या रांगेत होतो. तालुक्याच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला: "म्हणजे मुलं खरीच आहेत?" सर म्हणाले, "निःसंशय." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. वसतिगृह हंगाम संपेपर्यंत चालू राहिलं. वैष्णवीच्या मामाला शांताबाईंनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण मार्चमध्ये ती परीक्षेला बसली.

सरपंच नाराज झाले. "आता या फ्लेक्सचं काय करू?" ते म्हणाले. मी सुचवलं, उलटा करून कडबा झाका. त्यांनी तसं केलं की नाही माहीत नाही.

अहवालात आभाराच्या पानावर शांताबाईंचा उल्लेख आहे, 'स्थानिक माहितीस्रोत' असा. नाव नाही. सरांचा लेख परदेशातल्या परिषदेत वाचला गेला आणि त्यावर टाळ्या पडल्या, असं सरांनीच कळवलं. पुढच्या फेरीच्या मीटिंगला त्यांनी मला पुण्याला बोलावलं. एरवी मी एसटीनं जातो. या वेळी गाडी आली.

बावीस वर्षांत मला एवढंच कळलं. विद्वानाला त्याची चूक दाखवली तर तो तुम्हाला पद्धतीशास्त्र शिकवतो. तीच चूक शोध म्हणून दाखवली तर गाडी पाठवतो.