सोमवारची घाणी

आमची तेलाची घाणी बघायला सरकारी साहेब शनिवारी येणार होते. सासूबाईंनी अंगण सारवलं, मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलाला आंघोळ घालून शिंगांना तेल लावलं आणि मी शेजारून एक खुर्ची मागून आणली. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर एक कोंबडी तेवढी बसली. साहेब उगवले सोमवारी.

आम्ही तेली. रोहण्याकडच्या आमच्या गावात सोमवारी घाणीला बैल जुंपत नसत. महादेवाचा वार, नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही, एवढंच. नवरा त्या दिवशी तेलाचे डबे घेऊन बाजाराला जायचा, आणि बैल मागच्या गोठ्यात रवंथ करत बसायचा.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. गिरणीच्या तेलापुढे घाणीवाले बुडत चालले होते, म्हणून सरकारनं नव्या सुधारित घाण्या द्यायला सुरुवात केली होती. अर्धी मदत, अर्धं कर्ज. पहिल्या हप्त्यात घाणी आली. दुसरा हप्ता जवस भरून ठेवण्यासाठी होता, पण साहेबांनी घाणी चालताना स्वतः पाहिली तरच तो सुटणार होता. नाहीतर घाणी उचलून दुसऱ्या गावाला. आणि मामाजींनी उत्साहाच्या भरात जुनी घाणी फोडून चुलीत घातलेली! मला तेव्हाच धडकी भरली होती, पण नव्या सुनेला विचारतो कोण? घाणी गेली तर त्या वयात त्यांना हिंगणघाटच्या गिरणीत हमालीला जावं लागलं असतं. हा विचार घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण महिनाभर आमच्यापैकी कुणाला धड जेवण गेलं नव्हतं.

"घाणी बंद का?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"आज सोमवार हाय साहेब. बैलाले सुट्टी हाय. उद्या येजा न," मामाजी म्हणाले.

"उद्या मी दुसऱ्या तालुक्यात. इकडचा पुढचा फेरा पावसाळ्यानंतर. मी बंद पाहिली, तर बंद लिहावं लागेल." माणूस वाईट नव्हता. आवाजात अरेरावी नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. अरेरावी करणाऱ्याच्या पाया तरी पडता येतं.

पावसाळ्यापर्यंत सगळा जवस व्यापाऱ्यांच्या कोठारात गेला असता. मामाजी गोठ्याच्या दिशेनं दोन पावलं गेले. सासूबाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"त्याले हात लावू नका," त्या एवढंच म्हणाल्या.

मला इतका राग आला म्हणून सांगू! एक सोमवार. महादेवानं एक सोमवार पोटात घातला नसता का? पण मामाजी थांबले. वळून त्यांनी साहेबांना विचारलं, "तुमाले बैल पाहाचा हाय का घाणी?"

"घाणी. तेल पडलेलं दिसलं पाहिजे."

मामाजींनी सदरा काढून खुंटीला अडकवला. घाणीत अर्धाच जवस टाकला आणि जिथं बैल जुंपायचा, त्या आडव्या लाकडाला स्वतःची छाती लावली. घाणी करकरली, जरा हलली. दोन फेऱ्यांत त्यांचा श्वास फुलला. साहेब खुर्चीत अवघडून बसले. सासूबाई खाली बघत राहिल्या. लाकूड थांबू लागलं. नवरा घरी नव्हता. होते ती मीच. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या अंगाला अंग लागेल इतकं जवळ उभं राहायचं नाही, अशी आमची रीत.

"पदर खोच अन् जाय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मी गेले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त सरकून जागा दिली. आम्ही फिरत राहिलो. माझ्या खांद्याची सालटी निघाली. मामाजींच्या छातीतून येणारी घरघर मला घाणीच्या आवाजातही ऐकू येत होती. हा माणूस इथंच पडला तर हप्ता घेऊन करायचं काय, असं मनात येत होतं आणि पाय मात्र थांबत नव्हते. जवस गरम झाला, वास सुटला, आणि किती वेळानं कोण जाणे, खालच्या भांड्यात पहिली धार पडली.

साहेब उठले. तेल बोटावर घेऊन पाहिलं, कागदावर सही केली. "हप्ता मिळेल," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले. मला वाटतं, त्यांना आमच्याकडे बघवत नव्हतं.

मामाजी जमिनीवर बसले. मी पाणी दिलं. घाणी थांबली होती, तरी मागून कसला तरी आवाज येतच होता. आम्ही तिघं गोठ्यात गेलो.

बैल खुंट्याभोवती फिरत होता. डोळ्यांवर झापड नाही, मानेवर जू नाही. घाणीची करकर कानावर पडली तसा उठला असेल आणि चालू लागला असेल. दावं खुंट्याला गुंडाळत गुंडाळत इतकं आखूड झालं होतं, की त्याची मान जमिनीला टेकायला आली होती. तरी तो पाय उचलतच होता.

मामाजी त्याच्या मानेला धरून त्याला उलट्या दिशेनं फिरवू लागले. एकेक वेढा सुटू लागला.

"तुले सुट्टी होती न बाप्पा," ते म्हणाले, "तू काऊन चालून राह्यला?"

मग महिनाभर आवरून धरलेलं त्यांचं रडू बाहेर पडलं, आणि आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो.