धाकटीच्या हिरव्या बांगड्या

माझा बा कासार. कळमनुरीपासून चार कोसांवर आमचं खेडं, आणि आसपासच्या दहा-बारा गावांतल्या बायकांचे हात त्याला तोंडपाठ. माणसाचं नाव विसरेल, पण हाताचं माप विसरायचा नाही. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं हलकेच दाबायची, "दुखतं का गं माय?" विचारायचं, आणि बाई 'न्हाई' म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची.

निजामाच्या अमलातले शेवटचे उन्हाळे होते ते. मी नऊ वर्षांची, धाकटी बहीण चारची. तिला गोवर निघाला होता. गोवर म्हणजे घरी बाई, देवीच, आल्या असं मानायचे. दाराला कडुलिंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद, आणि घरादारावर आत्याचा अंमल. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली. तिचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

तिसऱ्या दिवशी कळमनुरीच्या एका लग्नघराचा निरोप आला. नवरीला चुडा भरायचा होता. त्या घरच्या लेकींचा चुडा आमच्याच घरानं भरायचा, ही आजोबांपासूनची रीत. बाचा पाय निघेना.

"लेकरू तापानं फणफणलंय, आक्का. कसं जाऊ?"

"नवरीचा चुडा अडवू न्हाई," आत्या म्हणाली. "दिवस बुडायच्या आत येशीलच की. आन् घरी बाई आल्यात हे तिकडं बोलू नको."

धाकटीनं बाचं बोट धरलं होतं. "मलाबी हिरव्या," ती म्हणाली. आईनं बांगड्या भरल्या की ती कोकलायची. तिला बाच लागायचा.

"आणतो. आल्याबरोबर मीच भरतो, मंग तर झालं?"

तांबडं फुटायच्या आधी बा बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून निघाला. त्या दिवसाचं सगळं त्यानं पुढे कधीतरी आईला सांगितलं, ते मी ऐकलं. नवरीचा चुडा दोन घटकांत झाला, पण मग करवल्या, मावश्या, माम्या, शेजारणी. एकीचे हात झाले की दुसरी पुढं. लग्नघरात घाई कुणालाच नसते. घरी काय आहे ते सांगायची चोरी, म्हणून लवकर सोडा असंही म्हणता येईना. जेवायला थांबा म्हणाले तेव्हा मात्र पोट बिघडल्याचं खोटंच सांगून तो उठला आणि भर उन्हात चार कोस जवळजवळ पळत आला.

ऊन कलायला लागलं होतं. मी ओसरीवरच होते. बाचा सदरा अंगाला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. तो थेट आत निघाला, तशी आत्या उंबऱ्यात आडवी झाली.

"उन्हातानाचा आलास, लग्नघरात बसून आलास. तसाच जातूस? बाई कोपल. घाम जिरू दे, लिंबाच्या पाण्यानं आंघोळ कर. दिवा लागला की जा."

बा गपकन ओसरीवर बसला. त्याचाही त्या सगळ्यावर आत्याइतकाच विश्वास होता. दोष एकट्या आत्याचा नव्हता, हे मला कळतं. राग मात्र तिचाच येतो.

आतून धाकटीचा आवाज आला. "बा आला का?"

आत्यानं माझ्याकडे डोळे वटारले. बा आलाय म्हटलं तर पोरगी बाहेर धावेल, नाहीतर बा आत जाईल, म्हणून. मी दारातूनच म्हणाले, "न्हाई आला अजून."

थोड्या वेळानं परत, "आला का गं?"

"न्हाई."

"मंग मी झोपते."

बा अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. हातातल्या पुडीत चार बारक्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या किणकिणल्या.

दिवा लागला, आंघोळ झाली, बा आत गेला. आई तिला हलवत होती. ती उठली नाही.

सकाळी तिला न्यायच्या आधी बानं पुडी सोडली. तिचा हात हातात घेऊन अंगठा तळव्यात दुमडला, बोटं दाबली, आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "दुखतं का गं माय?" मग तो भिंतीवर डोकं आपटून रडला. बाला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पोटासाठी तो पुढेही गावोगाव बांगड्या भरतच राहिला. पण तो प्रश्न त्यानं परत कुणाला विचारला नाही. कासार मुका झाला, असं बायका म्हणायच्या. माझं ते 'न्हाई आला' त्यानं ओसरीवर बसून ऐकलं होतं. त्यावर तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

माझ्या लग्नात माझा चुडा त्यानंच भरला. मान खाली घालून. शेवटची बांगडी जाताना हाडातून चांगलीच कळ गेली. त्यानं विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले, "न्हाई दुखत, बा."