चुकीचा नाला

काश्मीरला पोस्टिंग आली तेव्हा मी लान्स नायक होतो. वैजापूरकडच्या माणसाला बर्फ माहीत तो रसवंतीवरचा. तिथं तो कमरेपर्यंत साचायचा. दिवस ठरलेला: पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज, सहाला चहा, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. आमच्या दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर नायक साळवे. औरंगपुऱ्यात वाढलेला, वाक्य मराठीत सुरू करून दखनीत संपवणारा.

ऑक्टोबरमध्ये बटालियनची पेट्रोल स्पर्धा लागली. नकाशा, कंपास, चौदा किलोमीटर. जिंकणाऱ्या सेक्शन कमांडरचं नाव हवालदारीच्या कोर्सला जाणार होतं. साळवे त्याची दोन वर्षं वाट बघत होता.

कंपास माझ्याकडं. मी मोठ्या रुबाबात तो रायफलच्या बॅरलवर टेकवून दिशेचं बेअरिंग घेतलं. लोखंडाजवळ सुई भरकटते, हे रिक्रूटला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या तासाला मी बहुतेक उघड्या डोळ्यांनी झोपलो होतो. दोन नाले मिळतात तिथं उजवीकडं वळायचं, मी सगळ्यांना डावीकडं घातलं. आम्ही शेवटून पहिले आलो, अडीच तास उशिरा. जेवणाचा लंगरसुद्धा बंद झाला होता.

कंपनी कमांडरनी विचारलं, "कंपास कुणाकडं होता?"

मी तोंड उघडायच्या आत साळवे म्हणाला, "सेक्शन माझं आहे, सर."

कोर्सला दुसऱ्याचं नाव गेलं. आम्हाला शिक्षा मिळाली: आठ रविवार, फुल पॅक लावून, त्याच डाव्या नाल्यातून वर-खाली. मी माफी मागायला गेलो, तर साळवे बूट काढत म्हणाला, "जाने दे मियाँ. लई भारी नाला शोधलास. सरकारलाबी ठाऊक नव्हता."

जानेवारीत आम्ही पुढच्या पोस्टवर होतो, त्याच डाव्या नाल्याच्या माथ्यावर. दुपारी चौदा वीसला समोरच्या शत्रूच्या पोस्टवरून फायर आलं. शिपाई कदमच्या मांडीत गोळी शिरली. खाली जायचा ट्रॅक समोरून दिसत होता, त्यावर सतत गोळ्या येत होत्या. ढगांमुळं हेलिकॉप्टर नाही. साळवेनं वायरलेस सेटवर कंपनीला कळवलं.

"ट्रॅक बंद. अंधार पडेपर्यंत थांबा. ओव्हर."

साळवेनं कदमच्या रक्तानं भिजलेल्या पट्टीकडं पाहिलं. "तोवर हा थांबणार नाही, सर. डाव्या नाल्यातून उतरतो. ओव्हर."

सेट खरखरला. मग, "नाला माहीत आहे? ओव्हर."

"आठ रविवार, सर. आउट."

स्ट्रेचरला चौघं, पुढं मी, कव्हर द्यायला मागं साळवे. नाल्यात शिरण्याआधी चाळीस मीटर उघडं होतं. तिथं साळवेच्या छातीत गोळी लागली. मी परत फिरलो.

"पुढं चल," तो म्हणाला. "आन् कंपास बघू नको."

बर्फाखाली कुठं दगड आहे, कुठं खड्डा, ते पायांना पाठ होतं. पंधरा पन्नासला कदम खाली एड पोस्टवर, डॉक्टरपाशी पोचला, वाचला. मग आम्ही वर जाऊन साळवेला त्याच वाटेनं खाली आणलं. तेव्हा घाई नव्हती.

आता मी रिटायर आहे. परवा बजाजनगरच्या आमच्या मंडळानं कबड्डीच्या बक्षीस वाटपाला बोलावलं. अध्यक्ष कानाशी लागून म्हणाले, "काका, जिंकण्यावर बोला. हरण्याबिरण्याचं नको." मी हरण्यावरच बोललो, हीच गोष्ट सांगितली. अध्यक्ष घड्याळ बघत राहिले.

शेवटी हरलेल्या संघाची कप्तान उठली. म्हणाली, "काका, तुम्ही जिंकला असता तर साळवे कोर्सला गेले असते. आज जिवंत असते."

"व्हय," मी म्हणालो. "आणि कदम गेला असता."

ती बसली नाही. तिचं बरोबर होतं. हा प्रश्न मी दाढी करताना रोज आरशाला विचारतो. तरी तिला जे सांगितलं ते इथं लिहितो. चूक माझी होती, पण ती हार साळवेनं सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर घेतली. ती त्याची झाली. तिला वाया गेली म्हणायचा अधिकार कुणाला नाही, मलासुद्धा नाही.

त्या वर्षी पेट्रोल स्पर्धेची ढाल कुणी नेली, मला आठवत नाही. त्या नाल्याला बटालियन आजही साळवे नाला म्हणते.