लाल थेंबाखालचा स्क्रू

एर्सिलिया चिंगोलानीनं सेत्तिमिओ गालेआत्सीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका तीनचाकी टेंपोच्या हौद्यात उभा राहून, एका कपाटाला मिठी मारून, मोंतेलापोचा चढ चढत होता. कपाटाला त्याच्या आईची लोकरी चादर गुंडाळलेली होती आणि चादरीच्या सगळ्या बाजूंनी वायरी लोंबत होत्या. एर्सिलियाच्या आईनं खिडकीतून ते पाहिलं, हा बाँब आहे असं ठरवलं, छातीवर क्रूस काढला आणि दोरीवरचं धुणं आत घेतलं. गल्लीतल्या कोंबड्यांनी त्या दिवसापासून अंडी देणं बंद केलं. कारखान्याच्या अंगणात सेत्तिमिओनं कपाटाची पिन भिंतीत खुपसली मात्र, अख्ख्या टेकडीची वीज गेली, बारमधलं कॉफीचं यंत्र एक उसासा टाकून थंड पडलं, आणि नुकतीच विजेला जोडलेली चर्चची घंटा वीज नसताना आपोआप वाजायला लागली. मंगळवार होता. तरी चौदा माणसं प्रार्थनेला येऊन बसली, आणि पाद्रीबुवांनी संधी वाया जाऊ दिली नाही.

हे सगळं एर्सिलियाचं म्हणणं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली तिनं ही हकिगत प्रथम सांगितली तेव्हा फक्त एक फ्यूज उडाला होता. कोंबड्या ऐंशीच्या सुमारास आल्या, घंटा त्याच्याही नंतर. पण फ्यूज बदलल्यावर त्या कपाटातून जो आवाज निघाला, त्याबद्दलचा शब्द मात्र तिनं कधी बदलला नाही. "स्वच्छ होता," ती म्हणायची. "आंघोळ घालून, नवा सूट चढवून, शवपेटीत निजवलेल्या माणसासारखा स्वच्छ."

तिला कळत होतं ती काय म्हणतेय. मोंतेलापो हे अकॉर्डियनचं गाव. इथे माणसं एकमेकांना आडनावानं ओळखत नाहीत, कोण भाता शिवतो आणि कोण बटणं घासतो यावरून ओळखतात. अकॉर्डियनच्या पोटात पोलादाच्या पातळ पात्या असतात, एकेका सुराला दोन-दोन. एर्सिलिया चौदाव्या वर्षापासून घरच्या खिडकीपाशी बसून त्या पात्या कानसत आली होती. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पण खरं कसब दोन पात्या जुळवण्यात नव्हतं, त्या जराशा न जुळू देण्यात होतं. दोन्ही तंतोतंत एका सुरात आल्या तर आवाज मेलेला निघतो. म्हणून एक पाती केसभर चढी ठेवायची. इतकीच, की दोघींच्या कुरबुरीतून सेकंदाला तीन लाटा उठाव्यात. दोन लाटा म्हणजे अंत्ययात्रा, चार म्हणजे जत्रा, तीन म्हणजे संसार. एर्सिलिया सव्वीस वर्षं तीन लाटा लावत होती, आणि तिच्याइतक्या नेमक्या तीन साऱ्या पंचक्रोशीत कुणाला लागत नसत.

पुढे जगानं गिटार हातात घेतली आणि अकॉर्डियनला म्हातारपण आलं. कारखान्याचे मालक दुइलिओ, ज्यांना सरकारी मानचिन्ह मिळाल्यापासून सगळे, त्यांची बायकोसुद्धा, कोमेंदातोरे म्हणत, यांनी विजेवर वाजणारं वाद्य काढायचं ठरवलं. सेत्तिमिओ त्यासाठीच आला होता. तो इंजिनियर नव्हता. त्यानं टपालानं रेडिओ-दुरुस्तीचा अभ्यासक्रम केला होता आणि नौदलात दोन वर्षं पाण्याखालचे आवाज ऐकत एक कान कमी करून घेतला होता. पण गावानं त्याला पहिल्याच आठवड्यात इंजिनियर ही पदवी दिली, आणि गावाच्या पदवीला परीक्षा नसते.

त्याच्या सिंथेसायझरचं नाव पडलं 'आद्रिया'. त्यातही एका सुराला दोन आवाज होते, फक्त पात्यांच्या जागी तारा-ट्रान्झिस्टरांचं सर्किट होतं. सेत्तिमिओची एकच महत्त्वाकांक्षा होती: ते दोन आवाज असे एकरूप व्हावेत की देवालासुद्धा मोजता येऊ नयेत, आणि थंडी असो की ऊन, तसेच राहावेत. त्या काळी हे कुणालाच नीट जमलेलं नव्हतं. त्याला जमलं. वाद्याच्या पोटात दोन बारके स्क्रू होते. ते शेवटच्या तपासणीत फिरवून आवाज जुळवायचे आणि हलू नयेत म्हणून त्यांवर रंगाचा एक थेंब सोडायचा. हे मोजायला जर्मनीहून मीटर मागवावा असं सेत्तिमिओचं म्हणणं होतं. कोमेंदातोरे म्हणाले, आपल्याकडे कान आहेत. आणि त्यांनी त्या टेबलावर एर्सिलियाला बसवलं.

टेबलावर कागद चिकटवलेला होता: दोन्ही आवाज समान करावेत. एर्सिलियानं तो वाचला. समान केले. ऐकले. पेटीतला माणूस. तिला त्या पोराची दया आली. रेडिओवाला बिचारा, त्याला कोण शिकवणार. सून मीठ घालायला विसरली की सासू चारचौघांत बोभाटा न करता चिमूटभर टाकते, तसा तिनं एक स्क्रू जरासा फिरवला, तीन लाटा आल्या, आणि तिनं आपल्या नखांच्या लाल रंगाचा थेंब त्यावर सोडला. मग दुसरं यंत्र ओढलं.

आद्रिया जगात गेली आणि जग वेडं झालं. नेपल्सच्या लग्नांत, कैरोच्या वरातींत, बर्लिनच्या तळघरांत, रोमच्या रडक्या सिनेमांत तोच आवाज येऊ लागला. त्यात काहीतरी श्वास घेत होतं. वादक त्याला 'गालेआत्सीचा थरकाप' म्हणायला लागले. इतर कंपन्यांनी यंत्रं विकत घेऊन उघडली, थरकाप कुठून येतो ते शोधलं, आणि त्यांना बिनचूक सर्किटाखेरीज काही सापडलं नाही.

सेत्तिमिओला मात्र त्यात आपली चूक ऐकू आली. एका मासिकानं त्याच्या दोन आवाजांमधल्या 'मोहक विसंवादा'ची स्तुती छापली, तेव्हा तो तीन दिवस जेवला नाही. त्यानं दुकानातून एक आद्रिया परत मागवली. लाल थेंब शाबूत होता, म्हणजे स्क्रू कुणी हलवला नव्हता, म्हणजे दोष सर्किटात होता. इतका सरळ हिशेब. मग त्यानं कपॅसिटर बदलले. सर्किटाला लोकरीचा कोट शिवला, पुढच्या वर्षी काढला. ट्रान्झिस्टर एकाच घाण्यातले जोडीजोडीनं निवडले, जणू उपवर मुलंमुली. प्रत्येक नवी आद्रिया आधीच्यापेक्षा निर्दोष होऊन एर्सिलियाच्या टेबलावर आली, आणि तिथून थरथरत बाहेर गेली.

हे नऊ वर्षं चाललं. एकोणीसशे त्र्याऐंशीत त्यानं राजीनामा दिला. ज्या माणसाला दोन आवाजांचं एकमत करता येत नाही, त्यानं यंत्रं बनवू नयेत, असं त्यात लिहिलं होतं. दोन वर्षांनी जपानी यंत्रं आली आणि कारखाना बंद पडला. सेत्तिमिओ टेकडीच्या पायथ्याशी कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करू लागला. ती दोन आवाजांत बोलत नाहीत.

दर गुरुवारी, न्योक्कीच्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांच्या दिवशी, तो एर्सिलियाकडे जेवायला यायचा. तिचं धुलाईयंत्र पाहायच्या निमित्तानं सुरुवात झाली आणि यंत्र धडधाकट निघूनही क्रम चालू राहिला. ती त्याला इंजिनियर म्हणे, तो तिला सिन्योरा. जगातल्या पोरांनी जुन्या आद्रिया माळ्यांवरून खाली काढल्या, त्याला दूरदूरच्या देशांतून कौतुकाची पत्रं येऊ लागली. तो ती न उघडता धुलाईयंत्रांच्या पायाखाली घालायचा, डुगडुगू नयेत म्हणून.

एर्सिलिया ब्याऐंशीची झाली त्या वसंतात नगराध्यक्ष लोरेदानाबाईंनी जुन्या कारखान्यात वाद्यसंग्रहालय उघडायचं आणि त्यात सेत्तिमिओचा सत्कार करायचं ठरवलं. सेत्तिमिओनं नकार कळवला. लोरेदानाबाई एर्सिलियाकडे आल्या आणि म्हणाल्या की तो ऐकेल तर तुमचंच.

गुरुवारी तिनं विषय काढला.

"डॉक्टरच्या हातून लंगडे झालेल्या पेशंटांनी त्याला हार घालावा, तसं आहे हे, सिन्योरा," सेत्तिमिओ म्हणाला.

"पेशंट नाचतायत हो, इंजिनियर."

"लंगडतायत म्हणून तसं दिसतं."

एर्सिलियानं पळी खाली ठेवली. शिवणाच्या डब्यातून एक बारका स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला, आणि बसून सगळं सांगितलं, मीठ आणि सुनेसकट. सेत्तिमिओचा काटा अर्ध्या वाटेत थांबला होता. त्यावरची न्योक्की हळूच ताटात परत पडली.

"किती यंत्रं?"

"सगळी. अकराशे बेचाळीस."

"नऊ वर्षं मी वेड्यासारखा कपॅसिटर बदलत होतो. तू पाहत होतीस."

बेचाळीस वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. दोघांनीही ते ऐकलं.

"पहिली तीन वर्षं मला ठाऊकच नव्हतं तुम्ही काय शोधताय," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर काय चाललंय ते खालच्या बायकांना कोण सांगतो? कळलं तेव्हा कोमेंदातोरेंनी बोलावून दम दिला, करतेस ते करत राहा आणि वर बोलू नकोस. मग तुम्ही राजीनामा दिलात. त्यानंतर दर गुरुवारी ठरवायची, आज सांगायचं. पण न्योक्की थंड झाल्या की चिवट होतात."

सेत्तिमिओनं स्क्रूड्रायव्हर उचलून बोटांत फिरवला. ती शिव्यांची वाट पाहत होती. तयारीही केली होती, दोन उत्तरं हाताशी होती.

"म्हणजे माझं सर्किट बरोबर होतं," तो म्हणाला.

"केसभर कधी हललं नाही. थेंब सोडायच्या आधी मी पाच मिनिटं बघत बसायची, की हलेल जरा. पण दगड होतं ते."

"दगड," सेत्तिमिओ म्हणाला. एखादीला तिच्या सौंदर्याबद्दल बोललेलं ऐकू यावं तसं त्याचं तोंड झालं. त्यानं ताट पुढे केलं. इतक्या वर्षांत त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. ज्या कीर्तीसाठी लोक आईबापांना विसरतात ती एका वाटीभर कबुलीत हातची गेली होती, आणि हा गडी चीज मागत होता.

सत्काराला तो आला. सूट नौदलाच्या वेळचा होता, आता त्यात दोन सेत्तिमिओ मावले असते. माइकसमोर उभं राहून त्यानं स्पष्ट सांगितलं की आपलं यंत्र अचूक होतं, ज्या थरकापाचं कौतुक आहे तो त्या तिसऱ्या रांगेतल्या सिन्योरा चिंगोलानींच्या स्क्रूड्रायव्हरचा आहे, आणि आपला त्याच्याशी काडीचा संबंध नाही. सभागृह उठून उभं राहिलं. एवढा नम्र माणूस मोंतेलापोनं पाहिला नव्हता. लोरेदानाबाईंनी डोळे पुसून त्याचे दोन्ही गाल चुंबले. बर्लिनहून आलेल्या एका दाढीवाल्या वादकानं आपल्या वहीत लिहिलं की महान लोक श्रेय कामगारांना देतात. मग पडदा सरकला: सेत्तिमिओ गालेआत्सी, थरकापाचा जनक. दगडात कोरलेलं होतं, आता काय करणार. एर्सिलियाला एक गुच्छ मिळाला, तो तिच्या वयाबद्दल होता.

"एक," परतताना सेत्तिमिओ तिला म्हणाला. "अकराशे बेचाळीस तू घेतलीस. एक मला दे. मी केली होती तशी, जगात एक असू दे."

संग्रहालयात पाहुण्यांनी वाजवून पाहायला एक आद्रिया ठेवली होती. मोंतेलापोत एक ते चार सगळं बंद असतं आणि रखवालदार जेवायला घरी जाताना किल्ली बारच्या गल्ल्यावर ठेवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी सव्वा वाजता दोघं आत गेले. सेत्तिमिओनं मागचं झाकण उघडलं आणि बाजूला झाला. उरलेला कान वयानं नेला होता. लाटा त्याला आता ऐकू येत नव्हत्या. मीटर आणता आला असता. त्यानं मुद्दामच आणला नव्हता.

एर्सिलियानं लाल थेंब टोकरून काढला. तो इतक्या वर्षांनीही चिवट होता. तिनं पट्टी दाबून धरायला त्याला सांगितलं आणि स्क्रू फिरवायला घेतला. तीन लाटांच्या दोन झाल्या. तिथे तिचा हात आपण होऊन थांबला, साठ-सत्तर वर्षांची सवय कोपरापर्यंत भरलेली. तिथेच सोडून झालं म्हणाली असती तरी त्याला कळलं नसतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पट्टीवर बोट ठेवून, डोळे मिटून, काहीच ऐकू येत नसताना ऐकत होता.

तिनं हात पुढे रेटला. एक लाट, लांब, आळसावलेली. मग तीही विझली.

"झालं?"

"झालं."

"नक्की?"

"पेटीत निजवलाय, इंजिनियर. हात जोडा."

तो हसला आणि सर्किटावर हळूच टिचकी मारली. तिनं नातसुनेची नखांच्या रंगाची बाटली पर्समधून काढली. घाईत निळी उचलली गेली होती. स्क्रूवर निळा थेंब सोडला, झाकण लावलं, किल्ली बारवर परत ठेवली. कॉफी प्यायले. कॉफीचे पैसे त्यानं दिले आणि तिला घरापर्यंत सोडलं, वाटेत 'तू' म्हणत.

सेत्तिमिओ पुढच्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेला. संग्रहालयातल्या आद्रियाचा आवाज पूर्वीसारखा येत नाही अशा पाहुण्यांच्या तक्रारी होत्या, म्हणून मार्चपासून तिच्यावर पाटी आहे: वाद्य नादुरुस्त आहे, कृपया वाजवू नये.