नत्थू खानसाम्याचा मोठा रोडगा

नाचणगावात पंगत कोणाचीही असो, कढईशेजारचा पाट नत्थूचा. लग्न असो, तेरवी असो, बारसं असो. आचारी घाम गाळायचा आणि नत्थू पितळी बटणांचा पांढरा कोट घालून ऐटीत बसायचा. मधेच रश्शात बोट बुडवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मीठ कमी हाये." आचारी मुकाट्यानं मीठ टाकायचा. भाजी खारट झाली तर आचाऱ्याची चूक, चवदार झाली तर नत्थूचं बोट.

हा मान काही त्याला फुकट मिळाला नव्हता. त्यासाठी त्यानं वीस वर्षं थापा मारल्या होत्या, आणि एकच थाप वीस वर्षं न विसरता मारणं हे काय कमी कष्टाचं काम आहे? जवानीत तो कामठीच्या छावणीत, गोऱ्या अफसरांच्या मेसमध्ये कामाला होता. इथवर खरं. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकावं. कर्नल साहेब म्हणे त्याच्या हातचं खाल्ल्याशिवाय परेडला उभा राहत नसे. नाताळाला डुकराची अख्खी मांडी, म्हणजे हॅम, भाजून तो अशी चमकवायचा की मडमा तिच्यात तोंड पाहून टिकल्या लावत. "अरे, मडमा कुठं टिकल्या लावतेत?" असं कोणी विचारलंच तर नत्थू म्हणायचा, "तू गेलतास का कामठीले?" आणि विषय तिथंच संपायचा, कारण कोणी गेलेलं नसायचं.

खरी गोष्ट एकट्या भागीरथेला ठाऊक होती. भागीरथा म्हणजे नत्थूची बायको. खानसामा कुठला, नवरा तिथं मसालची होता. म्हणजे साहेब लोक जेवून उठले की खरकटी ताटं घासणारा. तिनं हे गावात कधी सांगितलं नाही. घरात मात्र नवऱ्याचा आवाज जरा चढला की ती एवढंच म्हणायची, "ताटं पडली हायेत घासाची." आवाज आपोआप उतरायचा. संसार दोघांचा सुखाचा होता.

या सुखावर घाला घातला बाबारावानं. बाबाराव पुलगाव स्टेशनात पॉइंटमन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची चौकशी केल्याशिवाय स्वतःच्या घरचा घास गिळायचा नाही. नत्थूच्या कामठीवर त्याचा पहिल्यापासून संशय. त्या वर्षी डिसेंबरात पुलगाव-आर्वी गाडीचे गार्ड पीटर्स साहेब यांचा स्वयंपाकी ऐन नाताळाच्या तोंडावर पळाला, आणि बाबारावाच्या तोंडाला पाणी सुटलं. तो हात जोडून साहेबाच्या मडमेपुढे उभा राहिला.

"मेमसाब, हमारे गाव में एक खानसामा है. कामठी का. हॅम तो उसके बायें हात का खेल है."

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण पीटर्स मडमेच्या बंगल्यावर अजून ती बातमी नीट पोचलेली नव्हती. तिनं लगेच बोलावणं धाडलं. नत्थू कोट घालून हजर. मडमेनं आधी मांडी दाखवली; नागपुरातून पेटीत आलेली, मिठात मुरवलेली, नाचणगावच्या पाटलाच्या मांडीएवढी. मग स्वयंपाकघरातली लोखंडी भट्टी दाखवली. तिला चार दारं, तीन किल्ल्या आणि एक धुराडं. कोणतं दार कशाचं, हे नत्थूच्या बापालाही कळलं नसतं.

"इसमें बनेगा ना?" मडमेनं विचारलं.

मागे दारात बाबाराव उभा, अगदी कौतुकानं पाहत. आता "येत नाही" म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल आणि कढईशेजारचा पाट जाईल. नत्थूनं भट्टीच्या एका दारात डोकं घातलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "इसमें हॅम का जीव कोंदता है, मेमसाब. कामठी में खुली हवा में करते थे. घर ले जाता, तय्यार करके लाता."

मडम बिचारी खुश झाली. मांडी टोपलीत बसली, टोपली नत्थूच्या डोक्यावर.

भागीरथेनं फडकं उचललं आणि पुन्हा झाकलं.

"हे काय आनलं?"

"हॅम."

"ते दिसून राह्यलं मले. घरात काऊन आनलं?"

"अवं, बनवाचं हाये. नाताळाले."

"कोनाले येते बनवाले?"

नत्थू कोटाची बटणं मोजू लागला. भागीरथा कमरेवर हात देऊन उभी राहिली. "आता कशी बोबडी वळली? कर्नलले बोलाव ना कामठीहून!"

शेवटी तिलाच दया आली. दया म्हणजे काय, पाट गेला असता तर पंगतीत तिचंही वजन कमी झालं असतं. बाई हिशेबी होती. "तुमी तिथं ताटं घासत होते ना?" ती म्हणाली. "मंग ताटात काय काय उरे ते सांगा."

आणि इथं नत्थूचं खरं ज्ञान कामाला आलं. ताटात लवंगा उरत, मूठ-मूठ. संत्र्याची सालं उरत. चरबीची पांढरी पट्टी उरे, आणि काठाला तांबूस, चिकट पाक. तो इतका चिवट की राखेनं घासता घासता हाताची सालं निघत. एखाद्याचं चरित्र त्याच्या तेरवीच्या उष्ट्यावरून लिहावं, तसा भागीरथेनं त्या पदार्थाचा पत्ता लावला. "पाक म्हंजे गूळ," ती म्हणाली. "सालं म्हंजे संत्र्याचा रस. लवंगा वरून टोचल्या असतीन. राह्यलं भाजनं. भाजाची मले एकच रीत येते. रोडग्याची."

आता हे परक्यांसाठी सांगायला हवं. रोडगा म्हणजे कणकेचा मोठा गोळा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा, फडक्यात धरून बुक्कीनं फोडायचा, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. नवस फेडायचा तो रोडग्यानं. आणि आमच्याकडे रोडग्याच्या जेवणाला आवतण लागत नाही. कोणाच्या वावरातून गोवऱ्यांचा धूर निघाला की लोटा उचलायचा आणि जाऊन बसायचं. घरात हुशारी चालली होती, त्यात एवढी एकच गोष्ट नवराबायको विसरले.

नाताळाच्या आदल्या दिवशी वावरात मांडी उकळून खारटपणा काढला, जाड कणकेत गुंडाळली आणि निखाऱ्यात पुरली. धूर वर चढला. गावानं धूर पाहिला. थोड्याच वेळात अर्धं गाव लोटे घेऊन वावराच्या बांधावरून येताना दिसलं, आणि सगळ्यांत पुढे, माळ सावरत, बाबाराव.

"काय खानसामा! नवस फेडून राह्यले आन् आमाले खबरच नाई?"

भागीरथेनं पदर खोचला. "बसा जी, बसा. तुमच्यासाठीच तं चाललं हाये." असं म्हणून तिनं वावराच्या दुसऱ्या टोकाला वेगळा जाळ केला, नव्यानं कणीक मळली, वांगी चिरली. नत्थू पाणी वाढत फिरू लागला. खानसाम्यानं पाणी वाढलेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं.

पण बाबारावाचा डोळा पहिल्या जाळावरच. "वहिनी, थो मोठा रोडगा कोनाचा?"

"देवाचा."

देवाचा म्हटल्यावर काय! म्हाताऱ्या बाया उठल्या, निखाऱ्यापुढे पदर पसरून पाया पडल्या. पुरुषांनी टोप्या नीट केल्या. बाबारावाला आत काय आहे याचा पुरता अंदाज होता, पण माळकऱ्यानं सगळ्यांत आधी हात जोडले नाहीत तर लोक काय म्हणतील? त्यानं जोडले. वर डोळेही मिटले.

"मंग देवाचा रोडगा आंधी फोडा ना," तो डोळे उघडून गोड आवाजात म्हणाला. "परसाद भेटू द्या सगळ्याइले."

नत्थूनं जमिनीकडे पाहिलं. जमीन काही दुभंगली नाही. काळी माती, हिवाळ्यात ती तशीही फार भेगाळत नाही.

"थो इथं नाई फुटत, भावजी," भागीरथा शांतपणे म्हणाली. "पुलगावच्या देवाले बोललो आमी."

"पुलगावचा कोन्ता देव?"

"हिरवी झेंडी दाखोवते थो. तुमी तं रोज सलाम करता त्याले."

बाबाराव पत्रावळीकडे वळला. आता गार्ड साहेबाचं नाव काढावं, तर जिच्यापुढे आपण अर्ध्या गावाला घेऊन हात जोडले ती चीज कोणती, हेही सांगावं लागलं असतं. त्यानं चार रोडगे खाल्ले आणि मनात ठरवलं, की नत्थूची जिरवायची ती बंगल्यावरच.

नाताळाच्या दुपारी तो ड्यूटी नसताना बंगल्याच्या स्वयंपाकघरात मदतीला हजर. कणीक फोडून, गूळ-संत्र्याचा पाक फासून, तव्यात निखारे घेऊन भागीरथेनं घरीच वरून धग दिली होती. मांडी अशी चमकत होती की नत्थूला मडमांच्या टिकल्यांची गोष्ट स्वतःलाच खरी वाटू लागली. टेबलाशी पाहुणे बसले. त्यांत नागपूरचे रिटायर इंजिन-ड्रायव्हर मॅकनील साहेब. बुढ्ढ्याचा एकच नाद, कामठीच्या मेसमध्ये आपण अफसरांच्या मांडीला मांडी लावून कसे जेवलो ते सांगायचं.

"कामठी का हॅम!" मडमेनं जाहीर केलं आणि लांब सुरी नत्थूच्या हातात दिली. "काटो."

कापायचं? ताटात चकत्या यायच्या, पण त्या पाडतात कशा, आडव्या की उभ्या, हे ताटं घासणाऱ्याला कोण सांगणार? दाराच्या फटीत बाबारावाचा डोळा. नत्थूनं सुरी खाली ठेवली. त्याला एकच गोष्ट येत होती. त्यानं पांढरं फडकं हॅमवर टाकलं, मूठ आवळली आणि दिली हाणून एक बुक्की! मांस हाडापासून सुटून मोकळं झालं. घरून आणलेल्या लोट्यातलं तूप त्यानं वरून सोडलं आणि मागे सरकून उभा राहिला.

मडमेचा चेहरा पांढरा होता, तो आणखी पांढरा झाला. तिनं मॅकनील साहेबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कामठीचं खरं-खोटं सांगणारा तिथं तोच एक.

आता गंमत अशी, की अफसरांच्या मेसच्या पायरीवर इंजिन-ड्रायव्हरला कोणी उभंही करत नसे. बुढ्ढ्यानं कामठीचं जेवण पाहिलं होतं ते कुंपणाबाहेरून. पण हे आता सांगायचं? त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, मिशा पुसल्या आणि गंभीरपणे मान हलवली.

"बिलकुल ऐसाच," तो म्हणाला. "कर्नल साब खुद घूसा मारता था."

नत्थूनं अदबीनं मान झुकवली. मग टेबल जे तुटून पडलं ते हाड उघडं होईपर्यंत.

मागच्या खोलीत खरकटी ताटं येऊ लागली. नत्थूचे हात आपोआप चालू लागले. राख, पाणी, एक गिरकी, की ताट चकाचक. चार ताटं एका बोटावर तोलून तो फळीवर लावत होता; पाक तर त्याच्या अंगठ्याखाली असा सुटत होता जसा जुना ओळखीचा. मडम दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत राहिली.

"तुम उधर मसालची था," ती म्हणाली.

नत्थूनं वळून पाहिलं, मडमेकडे नव्हे, कोपऱ्यात. याच घडीची बाबाराव कधीचा वाट पाहत होता. पण बाबाराव बोलणार कसा? त्याचं तोंड भरलेलं होतं. हातात परातीत उरलेला हॅमचा चुरा, बोटांना पाक, आणि तुळशीची माळ तेवढी त्यानं सभ्यपणे पाठीवर सरकवलेली.

मडमेनं दोघांकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अगले साल भी लाना," ती म्हणाली. "और जिसने बनाया, उसको मेरा सलाम बोलना."

नाचणगावच्या वाटेवर दोघं बरोबरच निघाले. गाव जवळ आल्यावर बाबारावच आधी खाकरला.

"नत्थूभाऊ, मी काई आयकलं नाई."

"मी बी काई पाह्यलं नाई," नत्थू म्हणाला. "माळ तेवढी समोर घेजो. गाव आलं."

पुढच्याच पंगतीत बाबाराव सगळ्यांच्या आधी ओरडला, "खानसाम्याले कढईपाशी पाट द्या रे!" नत्थू कोट घालून बसला. त्यानं रश्शात बोट बुडवलं, डोळे मिटले. पण तोंड उघडायच्या आधी आता तो एक डोळा किलकिला करून बायांच्या पंगतीकडे पाही. तिथं भागीरथा मान हलवी, की मग तो मोठ्यानं म्हणे, "मीठ बराबर हाये."