कातडीवाली ताई

माणसाच्या कातडीवर माझ्या आतेबहिणीइतकं जिवापाड प्रेम परळ-लालबागात दुसऱ्या कुणी केलं नसेल. आत राहणाऱ्या माणसाचा मात्र तिला पुष्कळदा विसर पडे. त्वचेच्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, ते ती परळच्या एका प्रयोगशाळेत शोधायची आणि सापडेल ते आमच्या चाळीत येऊन सांगायची. माझ्या लग्नात तर तिने पंगतीतल्या चार मामांना उठवून, हातात हात देऊन उभं केलं. "नुसता हात धरून भागत नाही, मामा. पेशीच्या आत केराटिनचे दोर असतात. सांध्यापाशी एक प्रथिन ते दोर बांधून ठेवतं. ते सुटलं की कातडी उकललीच!" मामांची जिलबी गार झाली, आणि मी नवरदेव असून जांभई दिली.

संपानंतर आमची गिरणी बंदच राहिली आणि मी घरी बसलो. म्हणजे तिला हक्काचा श्रोता मिळाला. कळत काही नव्हतं, पण मान डोलावण्यात मी पटाईत.

त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडात फोड आले, मग छातीवर. उष्णता आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि गुलकंदाची बरणी संपवली.

"अवो, ताईंक दाखवा तरी," बायको म्हणाली.

"ती पेशींची डॉक्टर, माणसांची नव्हे," मी तिलाच शिकवलं.

शेवटी ताईच आली. फोडाशेजारच्या धड कातडीवर तिने अंगठा हलकेच फिरवला. कातडी सरकून निघाली. मी ओरडलो. ताईला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेव्हा कुठे घाबरलो.

तिने टॅक्सीत घालून मला रुग्णालयात नेलं. "तुझ्याच रक्तातले पहारेकरी तुझ्या पेशींचे सांधे तोडतायत रे," ती म्हणाली. गोळ्यांनी माझा चेहरा असा फुगला की भेटायला आलेले शेजारी म्हणाले, "याला संप मानवला!"

"ताई, तुला सगळं ठाऊक आहे ना? मग बांधून टाक की माझे सांधे."

"तुटतात कसे, ते थोडंफार कळलंय. बांधायचे कसे, ते नाही कळलं अजून."

पाठीला चादर चिकटू नये म्हणून ती रोज सकाळी दादरहून केळीची पानं आणायची, पुसून माझ्याखाली अंथरायची. मी बरा होईपर्यंत एकदाही चुकली नाही.

"प्रयोगशाळेत उशीर नाही का होत गं?" मी एकदा विचारलं.

"होतो," ताई म्हणाली, आणि तिने दुसरं पान पुसायला घेतलं.