डिंकमावशी आणि कुंपणाजवळचं झुडूप

कॉलेजच्या वनस्पती विभागाच्या तळघरात ती एकोणीस वर्षं संग्रहासाठी वाळलेली झाडंझुडपं कागदावर चिकटवत होती. सगळे तिला डिंकमावशी म्हणत. खोलीला खिडकी नव्हती. कीड शिरू नये म्हणून दारही बंदच. पाचला सुटली की घरी अंथरुणाला खिळलेली आई. थोरला भाऊ दर रविवारी फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं."

एका दुपारी वॉचमनकाका दार ढकलून आत आले. हातात फळांची फांदी.

"मावशी, मागच्या कुंपणाजवळ होती. फळं गोड लागली म्हणून मूठभर खाल्ली. आता घशाला कोरड पडलीय, डोळ्यांपुढचं पुसट दिसतंय."

तिने आधी त्यांना कारकुनाबरोबर दवाखान्यात पिटाळलं. विभागाचे सर परगावी, फोन लागेना. वरचे विद्यार्थी म्हणाले, "कामोणी असेल, काही होत नाही."

कामोणीची फळं बारीक, घोसात लागतात. हे फळ एकेकटं, बोराएवढं, काळंभोर. पानांच्या जोडीत एक मोठं, एक लहान. फळाखाली पाच टोकांची हिरवी चांदणी पसरलेली. ही चांदणी आपण कधीतरी चिकटवलीय! चौथं कपाट उपसून तिने तो कागद काढला, फांदी शेजारी ठेवली आणि दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, वॉचमनकाकांनी खाल्लं ते बेलाडोना आहे. विषारी."

"आपण कोण?"

"मी... इथे डिंक लावते."

"सरांना द्या."

"सर नाहीत. पण तो कागद माझ्या हातचा आहे, डॉक्टर. चुकायची नाही मी."

मग डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्याच आहेत त्यांच्या. ठीक आहे."

काका चौथ्या दिवशी कामावर आले. सरांनी तिला वर बोलावून घेतलं. "जंगलातल्या पाहणीला आमच्याबरोबर चला. पंधरा दिवस."

तिने त्याच संध्याकाळी भावाला फोनवर विचारलं. "पंधरा दिवस येशील आईजवळ?"

"अगं, मला कसं जमणार? आणि तिला तुझ्याच हाताची सवय."

आई आतून म्हणाली, "जा की गं तू. मी राहीन."

"हो, राहशील," ती हसली आणि पाणी तापवायला गेली.

सकाळी तिने सरांना नकार कळवला. का, ते त्यांनी विचारलं नाही. तुकडी गेली आणि परतली. तिच्या टेबलावर नवे गठ्ठे आले. काही मुळांना अजून ओली माती होती. ती झटकायच्या आधी तिने दार आतून लावून घेतलं आणि बराच वेळ त्या मातीचा वास घेत बसली.